दुपारी रिकामी असलेली जागा

मी आयुष्यात एकच मैदान आखलं आणि तेही चुकीचं आखलं. हे वाक्य आता माझ्याआधी माझ्या भाच्याच म्हणतात. लग्नाकार्यात पंगती उठल्या, सुपारी कातरायला बसलो, की एकीनं तरी म्हणायचं, "मामा, ते मैदानाचं सांगा की." लगेच दुसरी म्हणणार, "आणि स्वतःला शहाणं करून सांगू नका. आई इथंच बसली आहे." त्यांची आई म्हणजे माझी धाकटी बहीण. ही गोष्ट नेहमी तिच्यादेखत सांगावी लागते, म्हणून इतकी वर्षं ती खरी राहिली.

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. मी बावीस वर्षांचा होतो आणि सोलापुरातल्या एका कचेरीत ट्रेसर म्हणून चिकटलो होतो. ट्रेसर म्हणजे दुसऱ्यानं पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कापड पसरून त्याच रेघा शाईनं गिरवणारा माणूस. स्वतःची एक रेघ ओढायची मुभा नाही. घरी मी "नकाशे काढतो" असं सांगितलं होतं. आईनं ते नळावर "माझा पोरगा शहर आखतोय" असं करून सांगितलं. त्यामुळं गल्लीतल्या गटारीला वळण चुकीचं पडलं तरी बायका माझ्याकडं बघायच्या.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. माढ्याकडचं गाव सोडून ते तरुणपणीच गिरणीत लागले होते, साचेखात्यात. तिथं शेकडो माग एकदम खडखडतात. शेजारच्या माणसाला वेळ विचारायची तरी ओरडून विचारावी लागते. तीस वर्षं असं ओरडून अण्णांचा आवाज पोलादासारखा झाला होता आणि कान मात्र अर्धे गेले होते. घरात त्यांनी मीठ मागितलं, तर कधी कधी पलीकडची काकू मीठ घेऊन दारात हजर व्हायची.

आणि धाकटी खो-खो खेळायची. नुसती खेळायची नाही, खेळानं झपाटलेली होती. पाठलाग करताना ती खांबाला एका हातानं धरून अशी गर्रकन वळायची की पळणारी पोरगी बाद झाल्यावरच तिला कळायचं. मला हे ऐकून माहीत. मी स्वतः कधी पळालेलो नाही. शाळेत मला खो-खोत घ्यायचंच तर खांब म्हणून घ्या, असं मास्तर म्हणायचे.

ती मॅट्रिक झाली आणि शाळेचं मैदान सुटलं. तिच्याबरोबरच्या सात-आठ पोरी होत्या, सगळ्या गिरणीकामगारांच्या आणि विणकरांच्या. त्यांना एकत्र खेळत राहायचं होतं. पण कुठं? मोठी मैदानं शहराच्या दुसऱ्या टोकाला. एका संध्याकाळी अण्णांनी ताटावर बसल्या बसल्या निकाल दिला.

"खेळ की. म्या कवा नको म्हणलं? पर माझी हाक पोचंल तितंच खेळायचं. दिवे लागायच्या टायमाला म्या दारात हुबा ऱ्हानार, हाक मारनार, आन तू आली पायजे. हाक पोचत न्हाय असल्या जागी खेळायचं न्हाय."

"आणि जवळ जागाच नसंल तर?" धाकटीनं विचारलं.

"मग खेळ बंद," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी आमटी मागितली. काकू आली नाही एवढंच.

धाकटी रडणारी नव्हती. तिनं फक्त खेळायचे कापडी बूट धुऊन, वाळवून, वर्तमानपत्रात गुंडाळून फळीवर ठेवले. ते पुडकं मला रोज जेवताना दिसायचं.

आणि नेमकं त्याच महिन्यात साहेबांनी कचेरीत फर्मान काढलं. गिरणी भागातली मुलं रस्त्यावर खेळतात, तिथं वस्तीवस्तीत छोटी क्रीडांगणं करायची. कचेरीच्या ताब्यातल्या मोकळ्या जागा हुडका, मापं घ्या, आराखडा करा. आमचे सर्व्हेअर बायकोच्या बाळंतपणासाठी माळशिरसला गेले होते. साहेबांनी खोलीभर नजर फिरवली आणि तिच्यात मीच सापडलो.

"तुम्ही त्याच भागात राहता ना? मग तुम्हाला तिथली जागा न जागा माहीत असेल."

"हो साहेब," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात बेधडक वाक्य.

खेळायची जागा घरापासून किती लांब असावी, याचं साहेबांकडं एक जाड पुस्तक होतं. लहान मुलांनी किती चालावं, मोठ्यांनी किती, माणशी किती मोकळी जागा लागते, सगळं त्यात होतं. अण्णांची हाक किती लांब जाते हे मात्र नव्हतं. ते मोजणं माझ्याकडं आलं.

गिरणीच्या सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी मी अण्णांना दारात उभं केलं.

"काय म्हणू?"

"रोज म्हणता तेच."

"ती तर हितंच हुबी हाय. समोर हुबी असताना हाक कशी मारू?"

धाकटीला आत पाठवलं. मी चालत सुटलो. अण्णांनी छाती भरून घेतली आणि "पोरीऽऽ" म्हणून हाक दिली. तीन घरांतून तीन पोरी बाहेर आल्या आणि नळावरची एक घागर सोडून पळत आली. अण्णांना सगळ्या गल्लीच्या पोरी "पोरी"च होत्या. मी दोन बोळ ओलांडले, विणकरांच्या घरांमागच्या मोकळ्या जागेत शिरलो, पार पलीकडच्या लिंबापर्यंत गेलो, तरी हाक स्वच्छ येत होती. मी खडूनं लिंबाच्या बुंध्यावर फुली मारली. जागा कचेरीच्याच ताब्यातली होती. मैदान ठरलं. शहराच्या नियोजनात ह्या मापानं ठरलेलं ते पहिलंच असावं.

दुसऱ्या दिवशी जेवण करून, दोनच्या सुमारास, टेप धरायला एक म्हातारा शिपाई घेऊन मी मोजणीला गेलो. ऊन रणरणत होतं. जागेत चिटपाखरू नव्हतं. शिपाई लिंबाखाली बसला आणि तिथूनच "बराबर, बराबर" म्हणत राहिला. मी चौफेर मापं घेतली. दोन्ही टोकांना जमिनीतून वर आलेले दोन जाड लाकडी खुंट होते, ते टिपून घेतले. मध्ये लांबलचक पट्ट्यात जमिनीवर पांढरे डाग होते, तेही टिपले. मग कचेरीत येऊन पंख्याखाली बसून अहवाल लिहिला. माझ्या हस्ताक्षराचं साहेबांना कौतुक होतं. मी वळणदार अक्षरात लिहिलं: "सदर जागा पडीक असून कोणत्याही वापरात नाही. जमीन काही ठिकाणी खारवट आहे. दोन्ही टोकांस जुने निरुपयोगी खुंट आहेत, ते काढून टाकावेत."

ही तीन वाक्यं माझ्या भाच्यांना तोंडपाठ आहेत.

आराखडा मी जीव ओतून केला. मध्यभागी खो-खो, कोपऱ्यात घसरगुंडी आणि दोन झोके, सभोवती काटेरी तारेचं कुंपण, एक फाटक. वेळ दुपारी चार ते सात, बाकी वेळ कुलूप. क्रीडांगण म्हणून हिरवा रंग भरला, असा सपाट की डाग नाही. घरी कुणाला दाखवला नाही. धाकटी मावशीकडं श्रीपूरला गेली होती. ती परत येईल तेव्हा काम सुरू झालेलं दिसावं, असा माझा बेत होता.

तो बेत तेवढा तंतोतंत पार पडला. ती आली त्याच दिवशी दुपारी ठेकेदाराच्या माणसांनी खुंट उपटले आणि कुंपणाचे खड्डे घेतले. संध्याकाळी ती पिशवी न ठेवताच माझ्यासमोर उभी राहिली.

"दादा, तितले खुंट कुणी काढले?"

"आपणच!" मी म्हणालो. "तुझं मैदान होतंय. कुंपण, फाटक, सगळं. नकाशा मी काढलाय."

ती मटकन खाली बसली. "तू तितं गेला होतास कधी?"

"म्हणजे काय! मोजूनमापून आलो."

"किती वाजता?"

"दोन."

"आणि सकाळी?"

सकाळी मी आठला उठायचो. साडेआठला अंघोळ, साडेनऊला सायकल. तिला ते ठाऊकच होतं. ती एवढंच म्हणाली, "उद्या सहाला मी उठवते. हाक मोजलीस तेव्हा मला वाटलं होतं, मोकळं ठेवून नुसत्या रेघा मारशील. तुला माहीत नसंल असं वाटलंच नाही मला."

सकाळी तिनं पाणी मारून उठवलं. दोन बोळ ओलांडून आम्ही त्या जागेत आलो आणि माझे पाय जागच्या जागी थांबले.

जागा भरली होती. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, कमरेइतक्या उंचीवर, हिरव्या सुताचा ताणा पसरला होता. हजारो धागे शेजारी शेजारी, खाली बांबूच्या कैच्या लावून तोललेले. दोन्ही बाजूंनी माणसं हातात गवती मुळांचे लांब कुंचे घेऊन चालत होती आणि धाग्यांना खळ पाजत होती. एक जण पुढं, एक मागं, कुंचा उचलायचा एका वेळी, टेकवायचा एका वेळी. ऊन चढायच्या आत खळ सगळीकडं सारखी बसली पाहिजे, नाहीतर धागा मागावर तुटतो. खळ टपटप खाली गळत होती. वाळली की तिचे पांढरे डाग पडत होते. माझी खारवट जमीन ती हीच.

चालणारी माणसं माझ्या कुंपणासाठी घेतलेल्या खड्ड्यांवरून ढांगा टाकत होती, एकही कुंचा चुकू न देता.

एका टोकाला ताण्याचा दोर लिंबाला बांधला होता. दुसऱ्या टोकाला खुंट नव्हता. तिथं दोन धट्टेकट्टे गडी कमरेला दोर गुंडाळून, टाचा रोवून, मागं झुकून उभे होते. घामाघूम झाले होते. ते जागेला लागूनच्या घरातल्या म्हाताऱ्या विणकराचे मुलगे. म्हाताऱ्यांना आम्ही ताता म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला अव्वा. त्यांच्या घरच्या तेलुगूत आजोबांना आणि आजीला तेच म्हणतात. ताता मराठी फार बोलत नसत. अव्वा दोघांच्या वाटचं बोलायची.

तिनं मला पाहिलं. मी तोंड लपवायला जागा शोधत होतो, पण ती जागा मीच मोजलेली, आडोसा कुठंच नव्हता.

"बघत काय राहिला रे? धर की!" अव्वा म्हणाली. "धाकट्याचा हात भरून आला."

मी दोर कमरेला गुंडाळला आणि मागं झुकलो. तासभर उभा राहिलो. सरकारी नोकर म्हणून माझा पहिला खरा उपयोग त्या सकाळी झाला, आणि तो खुंट म्हणून. ताणा माझ्या पोटावरून सरळ तातांच्या कुंच्यापर्यंत जात होता. मी जरा श्वास सोडला की सगळे धागे किंचित लवायचे आणि ताता मान वर करून माझ्याकडं बघायचे. आईच्या अंगावरचं लुगडं तातांच्याच मागावरचं होतं. म्हणजे तेही ह्याच जागेवर असं ताणलेलं असणार. मी जन्मापासून तसल्याच लुगड्यांना तोंड पुसत आलो होतो.

काम आटोपून ताणा गुंडाळायला घेतला तेव्हा मी अव्वाला म्हणालो, "चूक झाली अव्वा. मला माहीत नव्हतं."

"तुला कसं माहीत असंल? तू झोपतोस," ती म्हणाली. रागानं नाही. वाईट वाटलं असल्यासारखी म्हणाली.

धाकटी बाजूला उभी होती. ती पुढं आली. "अव्वा, जागा तुमचीच राहील. दादा सगळं रद्द करून घेईल. मला न्हाय खेळायचं तितं."

तिच्या आवाजात काही हललं नाही. मला मात्र फळीवरचं वर्तमानपत्राचं पुडकं दिसलं.

अव्वानं खळीचे हात पदराला पुसले. "का न्हाय खेळायचं? आठ वाजता आमचं काम संपलं. मग दिवसभर जागा काय आमी उशाला घेऊन झोपतो? खेळ की. तार नको लावू आणि आमचा खुंट आमाला दे. बास."

एवढं सोपं होतं ते. आता ते साहेबांना सांगायचं होतं, आणि ते सोपं नव्हतं.

साहेब चष्मा लावून माझा अहवाल परत वाचत होते.

"'जमीन खारवट आहे.' हे तुमचंच अक्षर ना?"

"हो साहेब. ती खळ होती."

"'निरुपयोगी खुंट.'"

"ताणा बांधायचे होते, साहेब."

"'कोणत्याही वापरात नाही.' तुम्ही राहता कुठं?"

"दोन बोळ अलीकडं."

साहेबांनी चष्मा काढला आणि खिडकीकडं तोंड करून बराच वेळ खोकले. त्यांचे खांदे हलत होते. मग वळून गंभीरपणे म्हणाले, "आपली कचेरी साडेदहाला उघडते. साडेदहाच्या आधी शहरात काय चालतं हे आपल्यापैकी कुणालाच माहीत नसावं. उद्या किती वाजता यायचं?"

ते आले. कानटोपी घालून, स्कूटर बोळाच्या तोंडाशी लावून. हात पाठीमागं बांधून ताण्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, परत आले. तातांना विचारलं, कुंपण घातलं तर? तातांनी एका हाताचं बोट धाग्यासारखं ताणून त्यावर दुसऱ्या हाताच्या बोटांची कात्री ठेवून दाखवली. साहेबांनी मान डोलावली. अव्वानं दिलेला चहा बशीत ओतून प्यायले आणि तिथंच उभ्या उभ्या सांगितलं: कुंपण नाही, फाटक नाही, खड्डे बुजवा. घसरगुंडी आणि झोके लिंबाच्या पलीकडं सरकवा. सकाळी पाजणी, दुपारनंतर खेळ.

"पण साहेब, नकाशात रंग कुठला भरू?" मी विचारलं. क्रीडांगणाला हिरवा, कामधंद्याच्या जागेला जांभळा. दोन्हींना मिळून रंगच नव्हता.

साहेबांनी जरा विचार केला. "हिरव्यावर जांभळ्या तिरक्या रेघा मारा. कुणी विचारलं तर सांगा, सकाळी येऊन बघा."

कुणी विचारलं नाही.

राहिले खांब. ठेकेदारानं खो-खोसाठी नवे, रंगवलेले दोन खांब आणून रोवले. धाकटीनं पळत येऊन एकाला हात घातला, तसा तो दातासारखा हलला. ताता लांबून बघत होते. ते आले, त्यांनी खांबावर नुसता अंगाचा भार टाकला आणि तो उपटून आडवा केला. मग उपटलेले आपले जुने खुंट मागवले. आपल्या हातानं मांडीइतका खोल खड्डा घेतला, तळाला दगड रचले, खुंट उभा केला, चारी बाजूंनी मुरूम ठोकला. पुन्हा खड्डा, पुन्हा दगड. धाकटी त्यांच्यामागं टेप घेऊन. खेळाचं माप आणि ताण्याचं माप काही सारखं नव्हतं. तातांनी खो-खोच्या मापाला खुंट रोवले आणि स्वतःचा ताणा दोराची लांबी वाढवून जमवला. दोन्ही ताशीव खुंट रंधा मारून गोल केले, पोरींच्या हाताला कूस लागू नये म्हणून. शेवटी धाकटीनं पळत येऊन एका हातानं खुंट धरला आणि गर्रकन वळली. खुंट हलला नाही. तातांनी दोर अडकवून ओढून बघितला. हलला नाही. दोघांनी एकमेकांकडं बघून मान डोलावली. बोलायला दोघांत धड एक भाषा नव्हती.

त्या संध्याकाळी फळीवरचं पुडकं उतरलं.

मी कौतुकानं बघायला गेलो होतो. पोरी खेळत होत्या. अव्वा घराच्या मागच्या पायरीवर सूत उकलत बसली होती. दिवे लागायची वेळ झाली आणि दोन बोळांवरून हाक आली, "पोरीऽऽ!"

आठच्या आठ पोरी जागच्या जागी थांबल्या. धाकटी पाठलागावर होती, एकच गडी बाद करायचा राहिला होता. तिनं बूट सोडायला हात खाली नेला. तेवढ्यात अव्वानं सुतावरून नजर न उचलता, घराकडं तोंड करून आरोळी दिली, "आलीऽऽ!"

आणि धाकटीला हळूच म्हणाली, "खेळ. तेवढा डाव होऊ दे."

मग ते रोजचंच झालं. हाक आली की अव्वा "आली" म्हणायची आणि पोरगी अर्ध्या तासानं यायची. तीन-चार वर्षं हे चाललं. पोरी जिल्ह्याच्या सामन्यांनाही गेल्या. हरून आल्या, एकदा जिंकूनही आल्या. आम्ही समजत होतो, अण्णांचे कान गेलेत, त्यांना कळत नाही.

धाकटीचं लग्न ठरलं तेव्हा ती एकदा त्यांना म्हणाली, "अण्णा, मी हाकेला लगेच येत नव्हते. अव्वा खोटंच आली म्हणायची."

"ठाव हाय की मला," अण्णा म्हणाले.

"मग कधी बोलला नाहीत?"

"हाक पोचली, कुनीतरी ओ दिली. आनि काय पायजे हुतं?"

लग्न होऊन ती सासरी गेली. वऱ्हाड पांगलं. दुसऱ्या दिवशी घर एकदम मोठं वाटायला लागलं. संध्याकाळ झाली. आई कंदिलाची काच पुसत होती, दिवे त्या दिवसांत कधीही जायचे. मी ओट्यावर होतो. अण्णा सवयीनं उठून दारात गेले, छाती भरून घेतली आणि "पोरीऽऽ" म्हणून हाक मारली. मारली आणि त्यांच्या लक्षात आलं. आईचा हात काचेवर थांबला. मी खाली बघितलं.

दोन बोळांवरून, पलीकडून, अव्वाचा आवाज आला, "आलीऽऽ!"

अण्णा वळून आत आले.

"आली म्हनत्यात," ते आईला म्हणाले, आणि हातपाय धुवायला मोरीत गेले.